तीन बोटं

आबाजी विचारतात,
"नर्स नाई, डॉक्टर नाई,
सुई देता येत नाई, गोळी लिवून देता येत नाई,
मंग दोन वर्सं शिकली तरी का, बाप्पा?"
आरोग्य संवर्धन, मी सांगते.
ते मान हलवतात, जशी हलवावी
सोयरीक नसलेल्या गावाचं नाव ऐकून.

वर्गात आम्ही एकवीस.
शेवटच्या सत्रात गजपुरे मॅडमनी फळ्यावर नोकऱ्या लिहिल्या:
जिल्ह्याचा सल्लागार, अकरा महिन्यांच्या करारावर;
शाळाशाळांतून फिरणारा समुपदेशक;
कुरखेड्याकडे सिकलसेलच्या गावयाद्या करणारी संस्था;
बुटीबोरीच्या कारखान्यात कामगारांची पाठ, डोळे, दारू.
मागून प्रफुल्ल नैताम म्हणाला, "मॅडम, पगारबी लिवा ना."
सगळे हसलो.
मॅडमनी खरंच लिहिले.
मग कोणी हसलं नाही.

माझ्या पहिल्या अहवालात एक वाक्य होतं:
अज्ञानामुळे लोक खर्रा खातात.
मॅडमनी 'अज्ञान'भोवती पेन्सिलीने गोल काढला
आणि समासात एवढंच:
कोणाचं?

त्यांना ठाऊक नव्हतं
माझी फी खर्ऱ्याची आहे.
चिखलगोंदीच्या फाट्यावर बाबांचा ठेला,
सहाच्या एसटीआधी उघडणारा.
सुपारी, चुना, एकशेवीस, तीनशे,
पन्नी फळीवर दाबून तळहाताने घोटत राहायचं
ओल सुटेपर्यंत, मग वर रबर.
खर्र, खर्र, त्या तालावर मी पाढे पाठ केले,
एकोणतीसचासुद्धा.
होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात झोप येईना,
तेव्हा कळलं, काय ऐकू येत नाहीये.
चार सत्रांची फी म्हणजे किती पन्न्या,
हा हिशोब एकदा मांडला.
अर्ध्यात पुसला.

प्रात्यक्षिकासाठी गाव निवडायचं होतं.
मी माझंच निवडलं, बसभाडं वाचेल म्हणून.
असं मी सांगितलं.

मंडईच्या दिवशी शिंगाडेवालीच्या बाजूला टेबल टाकलं.
सडलेल्या जबड्यांचे फोटो बॅगेतच राहू दिले.
फक्त म्हणत होते: तीन बोटं उभी धरा,
तोंडात मावतात का बघा.
आधी पोरं आली, खिदळत, चार चार घालून दाखवत.
मग रात्रीच्या नाटकातला खलनायक,
अर्ध्या चेहऱ्याला रंग, अर्धा गावातलाच.
त्याची अडीच गेली.
"तरीच," तो म्हणाला,
"दिग्दर्शक म्हणतो, तुझी गर्जना बारीक झाली."
शिंगाडेवाली कौतिकाबाई गिऱ्हाईक सोडून हळूच म्हणाली,
"मी तं भाजी धुवून खातो, पोरी. पाण्यात.
तिखटच सोसत नाई.
मले वाटे, मिरचीच बदलली."
मी लिहून घेतलं.
पत्ता दिला, वार सांगितला, बसचा वेळ सांगितला,
आणि म्हटलं, मी येते सोबत.
बहुतेक हीच ती नोकरी,
फळ्यावर तिचं नाव नव्हतं.

बाबा टेबलाकडे आले नाहीत.
दिवसभर गर्दी होती त्यांच्याकडेही,
मंडईला वर्षातला सगळ्यात मोठा गल्ला.
दोघांच्या मध्ये एक पाळणा फिरत होता,
माझ्याकडून तपासून गेलेले कितीतरी जण
पाळण्याला वळसा घालून तिकडे जाताना दिसले.
मी कोणाला हाक मारली नाही.
कोणत्या तोंडाने मारणार होते?

रात्री नाटकाची घंटा झाली तेव्हा
मी ठेल्यामागून घरी निघाले.
फळी अर्धी लावलेली. आत पिवळा दिवा,
खांबाला दाढीचा आरसा,
आणि आरशात बाबा, एकटे,
उजव्या हाताची बोटं उभी धरून,
चुन्याने भेगाळलेली ती बोटं.
दोन गेली.
तिसरं ओठावर थांबलं,
दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं.

मग आरशातच मी दिसले.
"जेवली का?" ते म्हणाले.
"हो," मी म्हटलं. जेवले नव्हते.

वहीत या क्षणाला नाव आहे,
वर्तनबदलाचा दुसरा टप्पा की अजून पहिलाच,
परीक्षेत पाच गुणांना येतो.
मी लिहिला नाही.

सकाळी खर्र खर्र ऐकू आली नेहमीसारखी.
जरा उशिरा.
सहाची एसटी तेव्हा निघून गेली होती.